चाहूल देणारी डबी : घ्यावी की न घ्यावी?



रेल्वे फाटकापाशी उभं राहून तुम्ही भरधाव जाणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकली असेलच. गाडी जवळ येत असते तोवर शिट्टी चढ्या आवाजात ऐकू येते. इंजिन आपल्यासमोरून पुढे गेलं रे गेलं, की तीच शिट्टी एकदम खालच्या पट्टीत उतरते. ड्रायव्हरने तर शिट्टी बदललेली नसते. मग आवाज का बदलतो?

लहरी सोडणारी वस्तू जवळ येत असेल तर त्या लहरी दाटीवाटीने आपल्यापर्यंत पोचतात आणि ती लांब जात असेल तर विरळ होत पोचतात, असं ऑस्ट्रियाच्या ख्रिस्तियन डॉपलर या शास्त्रज्ञाने १८४२ साली सांगितलं. तीन वर्षांनी हॉलंडमध्ये बाइस बालो या शास्त्रज्ञाने याची मोठी गमतीदार परीक्षा घेतली. त्याने आगगाडीत ट्रंपेट वाजवणारे बसवले आणि रुळांच्या कडेला सुरांची पक्की जाण असलेली माणसं उभी केली. गाडी जवळ येताना सूर चढला, लांब जाताना उतरला. डॉपलरचं म्हणणं खरं ठरलं!

रस्त्यावरच्या गाड्यांचा वेग मोजणारं पोलिसांचं रडार याच तत्त्वावर चालतं. आणि त्या रडारची चाहूल देणारी एक डबीही बाजारात मिळते. तिचं नाव रडार डिटेक्टर. तुमचे कुणी काका-मामा अमेरिकेत असतील, तर तिथल्या गाड्यांच्या पुढच्या काचेवर त्यांनी ती पाहिली असेल. रोज गाडी चालवणाऱ्या साध्या माणसाने ही डबी विकत घ्यावी का? चला, हिशेब मांडून बघू.

रडार वेग कसा ओळखतं?

पोलिसांची रडार-गन रेडिओलहरी सोडते. या लहरी गाडीवर आपटून परत येतात, विहिरीत हाक मारल्यावर प्रतिध्वनी येतो तशा. अमेरिकेत खूप वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या रडारमधून सेकंदाला सुमारे २४ अब्ज १५ कोटी लहरी निघतात. एकेक लहर जेमतेम सव्वा सेंटीमीटर लांबीची, म्हणजे तुमच्या नखाएवढी!

समोरची गाडी उभी असेल, तर जितक्या लहरी गेल्या तितक्याच परत येतात. पण गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने समोर येत असेल, तर परत येताना सेकंदाला जवळजवळ साडेचार हजार लहरी जास्त येतात. किती जास्त आल्या, हे यंत्र मोजतं आणि क्षणात वेगाचा आकडा दाखवतं.

दुसऱ्या महायुद्धात रडारने शत्रूची विमानं शोधली. युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत अमेरिकेतल्या कनेटिकट राज्याच्या पोलिसांनी ते रस्त्याच्या कडेला आणून उभं केलं.

डबीला आधी कसं कळतं?

समजा, अमावास्येच्या रात्री तुमचा मित्र बॅटरी घेऊन तुम्हाला शोधतोय. तुम्ही लांब शेताच्या बांधावर बसला आहात. आधी कोण कुणाला पाहील? तुम्ही त्याला! कारण बॅटरीचा उजेड तुमच्यापर्यंत एकदाच यायचा असतो. मित्राला तुम्ही दिसायचे तर तोच उजेड तुमच्यावर पडून पुन्हा त्याच्या डोळ्यांपर्यंत परत जायला हवा. जाता-येता तो पार क्षीण होऊन जातो.

रडारचंही तसंच. डबी फक्त येणाऱ्या लहरी ऐकते. म्हणून पोलिसांना वेग कळण्याआधीच ती ‘बीप बीप’ करायला लागते आणि ड्रायव्हरचा पाय ब्रेककडे जातो. यात जादू नाही की फसवणूक नाही. डबी खरोखर काम करते, हे आधी मान्य करू या.

पोलीस आणि डबीचा लपंडाव

१९७३ साली तेलाची मोठी टंचाई झाली. पेट्रोल वाचावं म्हणून १९७४ साली अमेरिकेत देशभर वेगमर्यादा घातली गेली : ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर. लांबच लांब, सरळसोट, मोकळे रस्ते आणि वेग मात्र एवढाच! लोकांना ते फार जाचलं. ओहायो राज्यातल्या डेल स्मिथ यांनी ‘फझबस्टर’ नावाची डबी आधीच तयार केली होती. आता अशा डब्यांचा खप धडाक्याने वाढला. देशभराची ती मर्यादा १९९५ साली रद्द झाली आणि वेग ठरवण्याचं काम पुन्हा राज्यांकडे गेलं. डब्या मात्र राहिल्या.

पोलीस काय स्वस्थ बसणार? त्यांनी रडार बंदच ठेवायला सुरुवात केली. गाडी टप्प्यात आली की क्षणभर चालू करायचं. डबी ओरडते, पण तोवर वेग मोजून झालेला असतो.

याहून मोठी गंमत पुढे आहे. लहरी पकडण्यासाठी डबी स्वतःच्या पोटातही बारीकशा लहरी तयार करते आणि त्यातल्या थोड्या बाहेर गळतात. जिथे डबीला बंदी होती तिथल्या पोलिसांना ही गळती पकडणारं यंत्र मिळालं. म्हणजे चाहूल घेणाऱ्याचीच चाहूल लागली!

मग आली लेझर-गन. तिचा किरण इतका अरुंद, की ३०० मीटरवर त्याची रुंदी साधारण एक मीटर असते. तो नेमका एकाच गाडीवर पडतो आणि सेकंदाच्या आत वेग सांगतो. काही डब्यांना लेझरही कळतो, पण बहुतेक वेळा कळतो तेव्हा उशीर झालेला असतो.

आणि आता सरासरी वेग काढणारे कॅमेरे आले आहेत. एक कॅमेरा गाडीचा नंबर आणि वेळ टिपतो. काही किलोमीटरवर दुसरा कॅमेरा पुन्हा टिपतो. वेगमर्यादा ताशी १०० असेल, तर १० किलोमीटरला निदान ६ मिनिटं लागायलाच हवीत. तुम्ही ५ मिनिटांत पोचलात? मग तुमचा वेग ताशी १२० होता. चौथीतलं गणित! इथे रडारची गरजच नसते. मग डबीने ऐकायचं तरी काय?

आता खर्चाची बाजू

चांगल्या डबीला काही शे डॉलर पडतात. शहरात ती उगीचच खूप ओरडते. दुकानांची आपोआप उघडणारी दारं तशाच लहरी वापरतात आणि अनेक नव्या गाड्यांमध्ये बाजूची गाडी ओळखण्यासाठी बसवलेलं छोटं रडारही. दहा वेळा ‘लांडगा आला रे’ झालं, की अकराव्या वेळी ड्रायव्हर लक्ष देत नाही. महागड्या डब्या खोटे इशारे गाळतात, पण सगळे नाही.

शिवाय कायदा आहे. अमेरिकेतच व्हर्जिनिया राज्यात आणि राजधानी वॉशिंग्टन डी.सी.मध्ये डबी वापरायला बंदी आहे. मोठ्या मालट्रकांना तर ती देशभर मना आहे. कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत, फ्रान्समध्ये, स्वित्झर्लंडमध्येही ती चालत नाही.

आपल्याकडे काय? महामार्गावर उभ्या असणाऱ्या पोलिसांच्या इंटरसेप्टर गाड्यांमध्ये लेझर-गन असतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ साली कॅमेऱ्यांची जी यंत्रणा सुरू झाली, तिच्यात सरासरी वेग काढायचीही सोय आहे. तिथे ही डबी बिचारी गप्पच बसेल.

आणि मिळतं काय? बाबांचं ऑफिस ३० किलोमीटर दूर असेल, तर ताशी ६० ने अर्धा तास आणि ताशी ७५ ने २४ मिनिटं. वाचली सहा मिनिटं. त्यातली निम्मी पुढच्या सिग्नललाच संपतात.

काही लोक म्हणतात, ‘डबीमुळे आम्ही सावध राहतो.’ त्यात थोडं तथ्य आहे. पण वेगाची आठवण द्यायला समोरचा काटा आहेच की, तोही फुकट!

डबीला जे ऐकू येत नाही

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा शेवटी. डबीला फक्त पोलिसांचं रडार ऐकू येतं. चेंडूमागे धावत आलेलं पोर तिला कळत नाही. अंधारात मागचा लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली, वळणावर सांडलेलं तेल, आडवी आलेली म्हैस, यांपैकी कशाहीसाठी ती ‘बीप’ करत नाही.

वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागतं. ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरला, तर कोरड्या चांगल्या रस्त्यावर ताशी ५० ची गाडी साधारण २८ मीटरमध्ये थांबते. ताशी १०० च्या गाडीला सुमारे ८४ मीटर लागतात. कबड्डीचं मोठं मैदान १३ मीटर लांब असतं. अशी साडेसहा मैदानं एकापुढे एक मांडा, म्हणजे कल्पना येईल.

सरकारी आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतले दहापैकी सात मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर नोंदले गेले. दंड चुकला तर पैसे वाचतात. हे चुकवणारी डबी अजून कुठल्याच दुकानात मिळत नाही.

म्हणून हिशेबाचं उत्तर असं : यंत्र म्हणून डबी हुशार आहे, तिच्यामागचं विज्ञान जरूर समजून घ्यावं; पण रोजच्या गाडीसाठी तिच्यावर पैसे घालू नयेत.

करून पाहा

पुढच्या प्रवासात घड्याळ घेऊन मागच्या सीटवर बसा. रस्त्याकडेचा एक किलोमीटरचा दगड गेला की सेकंद मोजायला लागा आणि पुढचा दगड आला की थांबा. ३६०० ला त्या सेकंदांनी भागा. आलेलं उत्तर म्हणजे तुमच्या गाडीचा ताशी सरासरी वेग.

६० सेकंद – ताशी ६० किलोमीटर
४५ सेकंद – ताशी ८०
३६ सेकंद – ताशी १००
३० सेकंद – ताशी १२०

उत्तर रस्त्याकडेच्या पाटीवरच्या वेगमर्यादेशी ताडून पाहा. जास्त आलं, तर न घाबरता सांगा, “बाबा, जरा हळू!” आणि आई-बाबांनो, मागच्या सीटवरून असा आवाज आला, तर रागावू नका. आधी पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, मग हवं तर गणित तपासा.