ताडपत्री व चामडी पट्टे यांची लवचीक सोल्यूशनने दुरुस्ती

मळणी केलेल्या सोयाबीनच्या राशीवर परतीचा पाऊस आला म्हणजे ताडपत्रीची खरी परीक्षा होते. रुपयाएवढ्या भोकातून झिरपलेले पाणी राशीच्या पोटात उतरते. तेथे दाणे तापतात, काळे पडतात, त्यांना बुरशी लागते व बाजारात मालाचा दर उतरतो. हंगामभराच्या कष्टाची अशी हानी थोड्या खर्चात व घरच्या घरी टाळता येते.

चिकटद्रव्य लवचीकच का?

ताडपत्रीला घड्या पडतात, ती वाऱ्याने फडफडते. चामडी पट्टा वारंवार वाकतो. खळ किंवा सरस वाळल्यावर कडक होतो. तो वाकताच तडकतो आणि पाणी लागताच सुटतो. सोल्यूशन म्हणजे विद्रावकात विरघळविलेले रबर होय. विद्रावक उडून गेल्यावर रबराचा पातळ थर मागे राहतो व तो कापडाबरोबर वाकतो. सायकलचे पंक्चर काढण्याचे व चपला जोडण्याचे सोल्यूशन याच जातीचे आहे.

ताडपत्री ओळखावी

सुती ताडपत्रीवर रबराचे सोल्यूशन चांगले धरते. परंतु तिला मेण दिलेले असल्यास ठिगळ शिवूनच घ्यावे. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीचा लहानसा तुकडा कापून पाण्यात बोटाने बुडवावा व त्यावरील हवेचे बुडबुडे काढावेत. तुकडा तळाशी गेला तर ती पीव्हीसीची समजावी. तिला पीव्हीसीसाठीच मिळणारे चिकटद्रव्य वापरावे. तुकडा वर तरंगला तर ती पॉलिथिनची होय. तिच्यावर कोणतेही साधे सोल्यूशन टिकत नाही. तेथे ताडपत्रीची चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी लावावी.

कृती

१. फाटलेला भाग धुऊन पूर्ण वाळवावा व सपाट फळीवर पसरावा.

२. ठिगळ त्याच जातीच्या कापडाचे, फाटीपेक्षा सर्व बाजूंनी ५ सेंटिमीटर मोठे घ्यावे. त्याचे कोपरे गोल कापावेत. टोकदार कोपरा प्रथम उचलला जातो.

३. रबराचे सोल्यूशन ठिगळ व ताडपत्री या दोहोंवर पातळ लावावे आणि १० ते १५ मिनिटे थांबावे. बोटाला चिकटेनासे झाले म्हणजे ठिगळ बसवून मधून कडेकडे जोराने दाबावे. ओले असतानाच जोडल्यास विद्रावक आत कोंडतो व जोड कच्चा राहतो. पीव्हीसीच्या चिकटद्रव्याची वेळ डब्यावरील सूचनेप्रमाणे पाळावी.

४. एक दिवस वजनाखाली ठेवावे. तोवर घडी घालू नये.

हे काम पावसाळ्यापूर्वी कोरड्या हवेत करावे. विद्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो. हवा दमट असली तर त्यावर बारीक दव जमते व जोड धरत नाही.

चामडी पट्टे

बैलाच्या साजाचे किंवा फवारणी पंपाचे चामडी पट्टे जोडताना दोन्ही टोके तिरपी तासून पातळ करावीत, गुळगुळीत बाजू खरवडावी, सोल्यूशनने जोडावीत व वरून मेणदोऱ्याने शिवावीत. ज्या पट्ट्यावर ओढ येते तो केवळ चिकटवून कधीही वापरू नये. उतारावर गाडी असताना जोड सुटला तर बैल व गाडीवान दोघांच्याही जिवावर बेतेल. चामड्याला एरंडेल द्यावयाचे ते जोड पक्का झाल्यावरच द्यावे; तेलकट चामड्यावर सोल्यूशन धरत नाही.

दक्षता

सोल्यूशन चटकन पेट घेते व त्याची वाफ विषारी असते. काम उघड्यावर करावे. जवळ चूल, दिवा अथवा विडी नसावी. डबा घट्ट बंद करून मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मे महिन्यात गावोगावी याचे प्रात्यक्षिक करून दाखवावे व प्रत्येक घरची ताडपत्री उन्हासमोर धरून तपासण्यास सांगावे. ज्या भोकातून ऊन दिसते, त्यातूनच पुढे पाणी येणार आहे.