कार्डाला टर्बो देताय? जरा दमानं!

रात्रीचे दोन. डोंबिवलीतली माझी दहा बाय दहाची खोली, खिडकीतून बऱ्यापैकी गार वारा आणि स्क्रीनवर एकच बटन : 'स्कॅन'. दाबलं. वीसेक मिनिटं पंखा घुरघुरला आणि माझं आरटीएक्स 3060 फुकटात 112 मेगाहर्ट्झने फास्ट झालं. सही ना? मलाही तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी एका क्लायंटची प्री-वेडिंग फिल्म एक्सपोर्ट होत होती. 91 टक्क्यांवर स्क्रीन काळी!

कार्डाचे हप्ते अजून चालू होते हो. पोटात गोळाच आला.

दोन-तीन सेकंदांत डेस्कटॉप परत आला, एक्सपोर्ट मात्र मेलं. मावसभावाला फोन लावला. "अगं, जळलं-बिळलं काही नाही," दादा हसत म्हणाला. "कार्डाने दोन सेकंद उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर रीसेट करतं. आधी सांग, स्कॅन कधी केलंस?"

मेख तिथेच होती. एकाच मॉडेलच्या दोन चिप्स कधीच सारख्या नसतात. सगळ्यात कमजोर चिपलाही झेपावं म्हणून कंपनी थोडा हात राखून वेग ठरवते. एमएसआय आफ्टरबर्नरमधला ओसी स्कॅनर हा राखीव वेग शोधतो. व्होल्टेजच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर वेग वाढवत नेतो, गणितं करायला लावतो आणि चूक झाली की मागे येतो. (एनव्हिडियाच्या अ‍ॅपमध्ये ऑटोमॅटिक ट्यूनिंग आहे, एएमडीच्या अ‍ॅड्रेनलिनमध्येही तशी सोय आहे.) पण ती परीक्षा त्याची, त्या वेळच्या तापमानाची. रात्री गार खोलीत पास झालेलं कार्ड मे महिन्याच्या दुपारी, वेगळ्या कामाखाली पास होईलच असं नाही. गरम झालं की कार्ड आपणहून क्लॉक कमी करतं हे खरं, पण काठावरचं सेटिंग तेवढ्याने वाचत नाही.

दादाने मग माझी शाळाच घेतली. आधी कॅबिनेट उघडून ब्लोअरने धूळ काढायला लावली. (धूळ नव्हे, गोधडी निघाली!) स्कॅन करायचं ते दुपारीच, दहा-पंधरा मिनिटं गेम खेळून कार्ड तापल्यावर. बाकी सगळं बंद, ब्राउजरसुद्धा. लाइट जायची भीती असेल तर नकोच. जो आकडा मिळेल त्यातून वीस-तीस मेगाहर्ट्झ स्वतः कमी करायचे. कोअर व्होल्टेजचा स्लाइडर आफ्टरबर्नरमध्ये मुळातच लॉक असतो, तो तसाच राहू द्यायचा. मेमरीचा स्लाइडर तर फारच लबाड. जास्त ताणलं की काही कार्डं क्रॅश होत नाहीत, गुपचूप चुका दुरुस्त करत बसतात आणि वेग उलट घटतो. म्हणून दर वेळी फ्रेम्स मोजायच्या.

आणि माझी सगळ्यात मोठी चूक? 'स्टार्टअपला लागू करा' ही खूण पहिल्याच रात्री केली होती. आठवडाभर रोजचं काम, रोजचे गेम नीट चालले तरच ती खूण. नाहीतर विंडोज उघडताच क्रॅश, मग सेफ मोडमध्ये जाऊन निस्तरा.

डाउनलोड कुठून करताय तेही बघा. 2021च्या मे महिन्यात एमएसआयलाच इशारा द्यावा लागला होता की, आफ्टरबर्नरच्या नावाने एक बनावट साइट व्हायरस वाटतेय. वॉरंटीच्या अटी प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या, त्या आधी वाचा.

एवढं करून मिळालं काय? जिथे 60 फ्रेम्स यायच्या तिथे 62, फार तर 63. खरं सांगू? धूळ काढल्याने पंख्याचा आवाज कमी झाला, त्याचा आनंद जास्त होता. फिल्म मी त्या संध्याकाळी रीसेट बटन दाबून, साध्या वेगावर एक्सपोर्ट केली. नवरीने रात्री साडेअकराला मेसेज टाकला, "ताई, गाणं बदलता येईल का?"