दान केलेली त्वचा

भाजलेल्या रुग्णाच्या अंगावरील जळून निर्जीव झालेली त्वचा शल्यविशारदाने शस्त्रक्रियेने काढून टाकली, म्हणजे मुख्य संकट टळले असे आप्तांस वाटते. परंतु वस्तुतः दुसरे संकट तेथूनच सुरू होते, कारण उघड्या पडलेल्या त्या विस्तीर्ण जखमेतून शरीरातील पाणी, प्रथिने आणि उष्णता अखंड निघून जात राहतात व जंतूंना मज्जाव करणारे काहीच उरत नाही. रुग्णाच्याच मांडीवरची त्वचा तेथे लावावी, हा उपाय सर्वोत्तम खरा. पण ज्याचे निम्म्याहून अधिक अंग भाजले आहे, त्याच्यापाशी निरोगी त्वचा उरते तरी किती?

अशा प्रसंगी मृत व्यक्तीची दान केलेली त्वचा उपयोगी पडते, आणि तिची पेढी आम्हा कळवेकरांस दूर नाही. दिघ्यावरून ठाणे-बेलापूर रस्त्याने गेले की ऐरोलीस नॅशनल बर्न्स सेंटर आहे, तेथेच ती चालते. मांड्या, पाय व पाठ यांवरून डर्माटोम या उपकरणाने त्वचेचा केवळ पातळ वरचा थर पट्ट्यापट्ट्यांनी उतरवितात. देह विद्रूप होत नाही. पुढे ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये, शीतपेटीत, ती पाच वर्षांपर्यंत टिकते. ग्लिसरॉलने पेशी मरतात, त्यामुळे परक्या त्वचेस शरीराचा होणारा विरोध सौम्य होतो, आणि रक्तगट जुळविण्याचीही गरज नसते.

रुग्णाची स्वतःची थोडीशी त्वचा जाळीप्रमाणे ताणून जखमेवर पसरायची आणि तिच्यावर या दानत्वचेचे आच्छादन घालायचे, ही युक्ती मला विशेष विलक्षण वाटते. कारण जाळीची छिद्रे खालून भरून येईतो वरचे आच्छादन वेदना, स्राव आणि जंतुसंसर्ग यांस आवर घालते, आणि साधारण दोन-तीन आठवड्यांनी, काम आटोपल्यावर, गळून पडते.

मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ साली दुरुस्ती होऊन त्वचेसारख्या ऊतीही त्याच्या कक्षेत आल्या. तरीही नेत्रदान घरोघरी ठाऊक आणि त्वचादान मात्र अपरिचित, ही खेदाची गोष्ट आहे. मुदत मृत्यूनंतर सहा तासांची. वय अठराच्या वर असावे, मृत्यूचा दाखला व वारसांची संमती लागते. एड्स, हिपॅटायटिस किंवा त्वचेचा कर्करोग असल्यास दान घेत नाहीत. शोकाच्या त्या घटकेस कोणालाही काही सुचत नाही. म्हणून वाचकांनी आपली इच्छा घरच्यांस आजच सांगावी आणि त्वचापेढीचा दूरध्वनी क्रमांक घरात लिहून ठेवावा.