वाद मताशी की हेतूशी?

राजकारणात मतभेद असावेत, याविषयी कोणाचे दुमत नाही. घोटाळा होतो तो मताची चर्चा थांबून हेतूची झडती सुरू होते तेव्हा. प्रतिपक्षी काय म्हणतो हे ऐकण्याऐवजी तो तसे का म्हणत असावा, याचाच आपण तर्क करू लागतो. आणि या तर्काला पुराव्याची गरज कधी भासत नाही. पुण्याच्याच इतिहासात याचे बोलके उदाहरण आहे.

फुलमणी या दहा-अकरा वर्षांच्या विवाहित मुलीच्या पतिसंगामुळे झालेल्या मृत्यूचा खटला १८९० साली कलकत्त्यास चालला. त्यानंतर संमतिवय १० वरून १२ करणारा कायदा १८९१ च्या मार्चमध्ये झाला. रानडे, भांडारकर, आगरकर कायद्याच्या बाजूचे, टिळक विरोधी. एका पक्षास दुसरा सरकारधार्जिणा वाटे, तर दुसऱ्यास पहिला केवळ कर्मठांचा कैवारी.

परंतु याच टिळकांनी १८९० मध्ये सुचविले होते की, मुलीचे लग्न १६ वर्षांच्या आत व मुलाचे २० च्या आत करू नये, आणि हे बंधन सही करणारांनी स्वतःवर घालून घ्यावे. तेव्हा बालविवाह चांगला की वाईट, हा मुख्य वाद नव्हता. सुधारणा कोणी करावी, परक्या सरकारच्या कायद्याने की समाजाच्या स्वतःच्या निश्चयाने, हा तो वाद होता.

म्हणून सारा गैरसमजाचाच खेळ होता असे मात्र नव्हे. ज्या बापाने सही केली नाही त्याच्या मुलीने काय करावे? हा सुधारकांचा प्रश्न टिळकांच्या योजनेने सुटत नव्हता. परके सरकार आज घरात शिरले तर उद्या कोठे थांबेल? हा टिळकांचा प्रश्नही पोकळ नव्हता. दोन्ही प्रश्न खरे होते. पण प्रत्येकाने दुसऱ्याचा प्रश्न ऐकण्यापूर्वीच त्याची नियत ठरवून टाकली.

अविश्वासाचे हे देणे वाढतच गेले. १८९५ साली पुण्यास काँग्रेस भरली, तेव्हा तिच्या मंडपात सामाजिक परिषद भरविण्यास टिळकपक्षाने विरोध केला. रानड्यांनी मंडपाचा हट्ट सोडून परिषद अन्यत्र भरविली. पुढे १९०१ च्या जानेवारीत रानडे निवर्तले, तेव्हा 'केसरी'त त्यांची थोरवी मुक्तकंठाने गाणारा मृत्युलेख टिळकांनीच लिहिला.

हा मनाचा मोठेपणा खराच. पण मृत माणसाला न्याय देणे सोपे असते. तो उलट उत्तर देत नाही. कस लागतो तो हयात विरोधकापाशी. त्यासाठी एक साधा नेम पाळता येईल. विरोधकाचे म्हणणे आधी असे मांडावे की, 'होय, मला हेच म्हणायचे आहे' असे त्याने कबूल करावे. मग त्याचे खुशाल खंडन करावे. याने मते जुळतील असे नाही. पण भांडण कशावरून आहे, एवढे तरी दोघांना कळेल.

१८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती रानड्यांच्याच पुढाकाराने. न पटणाऱ्या वक्त्याचे भाषणही शेवटपर्यंत ऐकून जो श्रोता उठतो, तो त्यांचे काम पुढे चालवीत असतो.