चित्र हलविणे आणि चित्र जागविणे

शतकांपूर्वीच्या एखाद्या चित्रातील स्त्रीने पापणी लववावी, पडदा वाऱ्याने हलावा, मागच्या आकाशातून ढग सरकावेत, ही किमया आज संगणकाच्या साहाय्याने थोड्या वेळात साधते. अभिजात चित्रांना अशी चालना देणारे लघुपट आवडीने पाहिले जातात, आणि त्यामागील तंत्राचे कौतुक मुळीच अनाठायी नाही. तथापि चित्रातील आकृती हलली म्हणजे चित्र जिवंत झाले, असे मात्र म्हणता येणार नाही. या दृष्टीने शांघायच्या ॲनिमेशनपट कलागृहात १९६० साली झालेला एक प्रयोग विचारात घेण्याजोगा आहे.

विख्यात चिनी चित्रकार छी बायशी १९५७ साली निवर्तले. झऱ्यातून दूरवर ऐकू येणारा बेडकांचा आवाज चित्रात उतरावा, अशी मागणी लेखक लाओ शे यांनी १९५१ मध्ये त्यांच्याकडे केली होती. आवाजाचे चित्र काढावयाचे कसे? वृद्ध चित्रकाराने खडकांमधून खळाळत येणारा झरा काढला आणि त्या प्रवाहात बेडकाची काही शेपटीवाली पिले सोडून दिली. चित्रात बेडूक एकही नाही; परंतु पिले आहेत त्या अर्थी बेडूक वर कोठेतरी असलेच पाहिजेत, हे पाहणाऱ्याला उमगते आणि जणू आवाज ऐकू येतो.

याच चित्रकाराच्या शैलीवरून शांघायच्या कलावंतांनी आईच्या शोधात निघालेल्या बेडकाच्या पिलांचा लघुपट तयार केला. त्यातील अडचण मोठी होती. नेहमीच्या व्यंगपटात आकृतीला ठसठशीत बाह्यरेषा असते. ती गिरवून तीच आकृती शेकडो वेळा काढता येते. चिनी शाईचित्रात अशी रेषा नसते. ओलसर शाई कागदात पसरते आणि तिची कड विरत जाते. तसा डाग दुसऱ्यांदा हुबेहूब उमटविणे जवळजवळ अशक्यच. म्हणून कलावंतांनी एकेका आकृतीच्या गडद-फिक्या छटा वेगवेगळ्या थरांवर रंगविल्या आणि त्यांचे एकावर एक छायाचित्रण करून शाईचा ओलावा पडद्यावर आणला. छी बायशींच्या कोळंबीच्या चित्रांत पाणी रंगविलेले नसते, कोरा कागदच पाणी होतो. पडद्यावरही बराचसा कागद असाच कोरा राहतो. मासा, खेकडा, कासव यांना आई समजणारी ती पिले हलतात. पण चित्रकाराने जे न काढता सोडले होते, ते कोणी भरून काढीत नाही.

आपल्याकडेही याच सुमारास, पन्नाशीच्या दशकात, मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनसाठी जहांगीर भावनगरी यांनी पहाडी लघुचित्रांवर 'राधा आणि कृष्ण' हा लघुपट केला. तेथे आकृत्यांना हात लावलेला नाही. चित्रावरून फिरतो तो कॅमेरा. एकाच चित्रात कथेतील अनेक प्रसंग मांडण्याची लघुचित्रकारांची पद्धत होती. डोळा ज्या क्रमाने तेथे फिरावा, त्याच क्रमाने कॅमेरा फिरला की चित्र आपोआप बोलू लागते.

हे दोन मार्ग परस्परांहून भिन्न आहेत, परंतु दोहोंच्या मुळाशी शिस्त एकच: मूळ चित्रात गती कोठे दडली आहे हे आधी ओळखावयाचे, आणि मगच यंत्राला हात घालावयाचा. पापणी लवविणाऱ्या लघुपटांत हा शोध पुष्कळदा वगळलेला असतो. वस्तुतः अनेक शक्य क्षणांतून चित्रकाराने एकच क्षण निवडलेला असतो आणि त्याच्या आधीचे व नंतरचे पाहणाऱ्याच्या मनावर सोपविलेले असते. ते सारे पडद्यावर उलगडून दाखविले, तर पाहणाऱ्यापाशी करण्याजोगे काहीच उरत नाही.

हा प्रश्न केवळ कलावंतांचा नव्हे, शाळांचाही आहे. अनेक विद्यार्थ्यांना थोर चित्रांची पहिली भेट यापुढे अशा हलत्या रूपातच घडेल. ती टाळावयाचे कारण नाही. शिक्षकांनी एवढेच करावे, की लघुपटापूर्वी मूळ चित्र वर्गात लावून दोन मिनिटे सर्वांनी ते मुकाट्याने पाहावे, आणि यापुढे काय घडेल असे वाटते, ते मुलांना विचारावे. ज्याने बेडूक न पाहता त्याचा आवाज ऐकला, त्याच्यासाठी चित्र पडदा उजळण्यापूर्वीच जागे झालेले असते.