राजीनामा आधी की गिऱ्हाईक आधी?

चांगल्या कंपनीतली पगाराची नोकरी सोडून स्वतःचा धंदा उभारावा, असे हल्ली आपल्या शिकलेल्या मुलांना फार वाटू लागले आहे. अशा नव्या धंद्याला ‘स्टार्टअप’ म्हणण्याचा रिवाज आहे. घरातली वडील मंडळी मात्र धास्तावतात. त्याच पगारावर घराचे हप्ते, बहिणीचे लग्न, आईवडिलांचा दवाखाना चाललेला असतो. दोघांचेही म्हणणे खोटे नाही. म्हणून आज आम्ही अशा एका धंद्याची हकीकत देत आहोत, ज्यात राजीनाम्याइतकाच वाटा एका किराणा दुकानाचा आहे.

पी. सी. मुस्तफा हे केरळातील वायनाड जिल्ह्याचे. वडील मजुरी करीत. मुलगा सहावीत नापास झाला होता, पण पुढे कालिकतला अभियांत्रिकी शिकला आणि मोटोरोला, मग दुबईत सिटीबँक अशा मोठ्या नोकऱ्या त्याने केल्या. २००३ साली ते परदेशातली नोकरी सोडून भारतात आले. घरच्यांना ही गोष्ट रुचली नव्हती, असे त्यांनी स्वतः मुलाखतींत सांगितले आहे. त्यांची ‘आयडी फ्रेश फूड’ ही इडली-डोशाच्या तयार पिठाची कंपनी आज सर्वांच्या माहितीची आहे. २०१४ साली तिच्यात हेलियन या गुंतवणूकदार संस्थेचे सुमारे ३५ कोटी आणि २०१७ साली प्रेमजी इन्व्हेस्टचे सुमारे १५० कोटी रुपये आले.

वर्तमानपत्रांतून नोकरी सोडली आणि कोट्यधीश झाले, एवढेच छापून येते. मधली वर्षे गाळली जातात, आणि आमच्या मते शिकण्यासारखे सारे त्या वर्षांतच आहे.

मुस्तफांच्या नात्यातल्या भावांचे बंगळूरला किराणा दुकान होते. तिथे इडली-डोशाचे पीठ साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, रबर लावून विकायला येई. गिऱ्हाइकांच्या त्याबद्दल तक्रारी असत. म्हणजे मागणी होती, गिऱ्हाईक पैसे देत होते, फक्त माल मनाजोगता नव्हता. ही बातमी गल्ल्यावर बसणाऱ्याला फुकट मिळते. कंपनीच्या कचेरीत बसणाऱ्याला ती कळत नाही. २००५ साली लाखाच्याही आतल्या भांडवलावर, छोट्याशा जागेत काम सुरू झाले. वीस दुकाने गाठली. दिवसाला दहा पाकिटांपासून शंभर पाकिटांपर्यंत जायला नऊ महिने लागले.

नऊ महिने! शंभर पाकिटांवर इतक्या भावांची घरे चालली नसती. ती दुकानावर चालत होती. मुस्तफा त्या काळात आय.आय.एम. बंगळूरला व्यवस्थापन शिकत होते आणि रोजचे काम भाऊ सांभाळत. ते पूर्णवेळ धंद्यात उतरले २००७ साली, माल विकतो हे दिसल्यानंतर.

मग शिकलेल्या माणसाचा उपयोग काय? तर पिठाचा स्वभाव पाहावा. तांदूळ आणि उडीद वाटले की पीठ आंबू लागते आणि पाकिटात भरल्यावरही ते थांबत नाही. थंडाव्यात आंबणे मंदावते, उष्णतेत पाकीट फुगते, पीठ आंबट होते. टिकाऊपणासाठी रसायन घालायचे नसेल तर माल साठवून ठेवता येत नाही. रोज वाटायचा, थंड ठेवायचा, रोज पोहोचवायचा. कोणत्या दुकानात सोमवारी किती आणि रविवारी किती खपतो याचा अंदाज चुकला की नफा परत आलेल्या पाकिटांत जातो. इथे आकडे मांडायची सवय कामी येते. भिवंडीचा यंत्रमागवाला किंवा सोलापूरचा चादरवाला न विकलेला माल महिनाभर ठेवू शकतो. बेकरीवाल्या बांधवांना मात्र हे दुखणे चांगले ठाऊक आहे.

कोकणातले आपले कित्येक तरुण आखातात नोकरी करतात आणि गावच्या भावाच्या दुकानात पैसा घालतात. एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत. ही जोडी चांगली, पण बहुधा सारे तोंडी असते. १९३२ चा भागीदारी कायदा याबाबत काय म्हणतो ते फार थोड्यांना माहीत असते. लेखी वा तोंडी काहीच ठरलेले नसेल तर नफा-तोटा सर्व भागीदारांत सारखा वाटला जातो, मग एकाने दहा लाख घातलेले असोत की एकाने काहीच नाही. दिवसभर दुकानात राबणाऱ्या भागीदाराला त्याबद्दल वेगळा पगार मागता येत नाही. आणि ठरलेल्या भांडवलाच्या वर एखाद्याने रक्कम दिली तर तिच्यावर त्याला वर्षाला सहा टक्के व्याज मिळण्याचा हक्क पोहोचतो. ज्यांना व्याज घ्यायचे-द्यायचे नाही त्यांनी तसे करारात स्पष्ट लिहिले पाहिजे. आपण मनात धरले म्हणून कायदा ते धरत नाही. मोबदला किती, नफा कोणत्या प्रमाणात, धंदा बसला तर कोणाचे किती जाणार, हेही त्याच कागदावर यावे. भावाशी कसला कागद करायचा, असे म्हणणारे कोर्टात भेटतात.

फर्मची नोंदणी सक्तीची नाही. परंतु नोंदणी नसलेल्या फर्मला व्यवहारातली थकबाकी वसूल करण्यासाठी व्यापाऱ्यावर दावा लावता येत नाही. उधारीवर माल देणाऱ्याने एवढ्या एका कारणासाठी तरी ती करून घ्यावी.

नोकरीत असतानाच भावाबरोबर धंदा सुरू करणार असाल तर आधी आपले नेमणूकपत्र काढून वाचा. दुसरा व्यवसाय करू नये अशी अट पुष्कळ कंपन्या घालतात. तसेच सलग पाच वर्षे भरण्यापूर्वी प्रॉव्हिडंट फंडाचा पैसा काढला तर त्यावर सामान्यतः आयकर लागतो. चार वर्षे आठ महिने झालेल्याने राजीनाम्याची तारीख ठरवताना कॅलेंडर जरूर पाहावे.