अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

काचबिंदूची शंका आली की नेत्रतज्ज्ञ डोळ्यातला दाब मोजतात. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या हान्स गोल्डमन यांनी १९५०च्या दशकात घडवलेलं उपकरण आजही त्यासाठी प्रमाण मानलं जातं. पारपटलाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, ३.०६ मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट करायला किती जोर लागतो, हे ते पाहतं. पडदा जाड असला तर दाब उगाच जास्त दिसतो. पातळ असला तर वाढलेला दाबही कमी दिसतो, आणि धोका तिथेच आहे.

गोल्डमन यांनी ही जाडी साधारण अर्धा मिलिमीटर धरली होती, पण ती माणसागणिक बदलते. नागपूर परिसरातल्या खेड्यांत झालेल्या मोठ्या पाहणीत ती सरासरी ५१४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरली. युरोपीय वंशाच्या लोकांत ती ५४०च्या पुढे असते. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाब वाढलेल्या, पण काचबिंदू न झालेल्या लोकांवर लक्ष ठेवलं गेलं. ५५५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी जाडी असलेल्यांना ५८८हून अधिक जाडी असलेल्यांच्या सुमारे तिप्पट काचबिंदूचा धोका आढळला. विदर्भातल्या शेतकऱ्याचा दाब ‘नॉर्मल’ म्हणून सोडून देणं म्हणूनच बरं नाही.

जाडी मोजायला भुलीचा थेंब टाकून पॅकीमीटरचं टोक पारपटलाला अलगद टेकवतात. ध्वनिलहर मागच्या पृष्ठभागावरून परतायला किती वेळ लागतो, त्यावरून आकडा निघतो. टोक तिरकं लागलं किंवा मध्यापासून सरकलं की आकडा फुगतो, कारण पारपटल कडेला जाड असतं. झोपेतून उठल्यावर आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरल्यानंतरही त्याला थोडी सूज असते. प्रकाशावर चालणारी यंत्रं डोळ्याला स्पर्श न करता पूर्ण नकाशा देतात. पारपटल पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं त्या केराटोकोनस या आजारात सर्वांत पातळ जागा बहुधा मध्याच्या खाली असते, तिथे हा नकाशाच कामी येतो. मात्र दोन यंत्रांचे आकडे जुळतातच असं नाही, त्यामुळे तुलना एकाच यंत्रावरच्या मापांची करावी.

चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेसिक शस्त्रक्रियेत तर चुकीला जागाच नाही. ५०० मायक्रॉनच्या पारपटलातून ११०चा फ्लॅप, म्हणजे वर उचलला जाणारा पापुद्रा, वजा केला, उणे आठ नंबरासाठी दर नंबरामागे साधारण १५ मायक्रॉन घासले, की उरतात २७०. किमान २५० शिल्लक राहावेत, असा संकेत आहे. मोजणीत वीस मायक्रॉन चुकले, तर ही सगळी शिल्लक संपते.

लेसिकनंतर पारपटल कायमचं पातळ होतं आणि दाब कमी दिसू लागतो. पुढे पन्नाशीत काचबिंदूची तपासणी करताना जुन्या शस्त्रक्रियेची माहिती डॉक्टरांना आवर्जून द्या, आणि शस्त्रक्रियेपूर्वीचा जाडीचा रिपोर्ट फाईलमध्ये जपून ठेवा.